मुलींना बसायला जागा हवी: पाथरीच्या नागरिकांसाठी मार्गदर्शन

पाथरीसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आणि घरात बारा ते अठरा वर्षांची मुलगी असणाऱ्या आईवडिलांचा, शाळेतील शिक्षिकांचा, आणि क्वचित खुद्द मुलींचाही एक प्रश्न शब्द बदलून पुन्हापुन्हा कानी येतो. गावात बाग आहे, मैदान आहे, तर आमच्या मुली तिथे का दिसत नाहीत. आणि त्यांना तिथे निःशंकपणे जाता यावे असे वाटत असेल, तर आम्ही नेमके काय मागायचे, कोणाकडे मागायचे आणि मागण्याचा आम्हाला अधिकार तरी आहे काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा लेख आहे. ज्यांना उद्या नगरपरिषदेच्या कचेरीत अर्ज घेऊन जायचे आहे, त्यांना उपयोगी पडेल एवढेच येथे सांगितले आहे.

आधी प्रश्न नीट समजून घ्या

मुलींना खेळण्याची, हिंडण्याची आवडच नसते, हा समज प्रथम मनातून काढून टाका. आठनऊ वर्षांपर्यंत जी मुलगी झोपाळ्यावरून उतरायला तयार नसते, ती दोनतीन वर्षांत बागेतून नाहीशी होते. तेवढ्या अवधीत तिची आवड पालटलेली नसते, पालटलेली असते ती तिच्याकडे पाहण्याची लोकांची दृष्टी. ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात १९९० नंतरच्या दशकात सार्वजनिक बागांची जी पाहणी झाली तीतही हेच आढळले: वयाच्या नवव्यादहाव्या वर्षानंतर मुली बागेत येईनाशा होतात, कारण असलेली जागा संख्येने आणि आवाजाने वरचढ असणारी मुले व्यापून टाकतात. तेथील नगरपालिकेने मग आइन्झीडलरपार्कसारख्या बागांची रचना बदलली. एकच मोठे मैदान ठेवण्याऐवजी लहानलहान जागा केल्या, पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल व बॅडमिंटनला स्थान दिले, आणि मुली परत येऊ लागल्या.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. गावचा पार परंपरेने पुरुषांचा. स्त्रियांना एकत्र येण्यासाठी होता तो पाणवठा, आणि वर्षातून एकदा नागपंचमीचा झोका. नळ घरोघरी आला आणि स्त्रियांचे कष्ट वाचले, ही निःसंशय इष्ट गोष्ट झाली. परंतु पाणवठ्याबरोबर बायकामुलींची भेटण्याची जागाही गेली, आणि तिच्या मोबदल्यात दुसरी कोणतीही जागा त्यांना मिळाली नाही. म्हणून आपण जी मागणी करणार आहोत ती चैनीची नसून गमावलेल्या वहिवाटीची भरपाई आहे, हे मनाशी पक्के धरावे.

पहिली पायरी: मोजणी करा

आकड्यावाचून केलेली तक्रार कचेरीत टिकत नाही. सबब अर्जापूर्वी आठवडाभर पुढीलप्रमाणे नोंद ठेवा.

1. शाळेचा एक दिवस, रविवार आणि बाजाराचा दिवस असे तीन दिवस निवडा.
2. प्रत्येक दिवशी सकाळी, दुपारी चारच्या सुमारास आणि दिवे लागल्यानंतर, अशा तीन वेळी बागेत किंवा मैदानावर अर्धा तास बसा.
3. वहीत चार रकाने आखा: लहान मुले, बारा ते अठरा वयाचे मुलगे, त्याच वयाच्या मुली, प्रौढ. प्रत्येकाची संख्या आणि ते काय करीत होते ते लिहा.
4. मुली आल्या असतील तर त्या किती वेळ थांबल्या, बसल्या की नुसत्या ओलांडून गेल्या, हे अवश्य नोंदवा.
5. कोणाचेही नाव लिहू नका, आणि मुलींची छायाचित्रे मुळीच काढू नका.

ही मोजणी बागेपुरती ठेवू नका. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या विद्यार्थिनींना एस.टी.चा मोफत पास मिळतो. तालुक्याच्या गावी अशा मुली शिकायला येतात आणि शाळा सुटल्यापासून गाडी येईपर्यंतचा वेळ त्यांना बसस्थानकावर काढावा लागतो. तेव्हा बसस्थानक, शाळेबाहेरचा रस्ता आणि शिकवणीच्या वर्गांची गल्ली ही देखील मुलींची सार्वजनिक स्थाने आहेत. त्यांची नोंद बागेइतकीच महत्त्वाची.

दुसरी पायरी: मुलींना विचारा

ज्यांच्यासाठी बाग करायची त्यांना वगळून केलेला आराखडा बहुधा फसतो. मुख्याध्यापकांची आणि पालकांची संमती घेऊन शाळेत आठदहा मुलींच्या गटाशी एक तास बोला. मराठी शाळेप्रमाणेच उर्दू शाळेतही जा. शाळा सुटलेल्या, घरकामात किंवा शेतमजुरीत असलेल्या मुलींना त्यांच्या वस्तीत जाऊन भेटा, आणि अपंग मुलींना विसरू नका. या बैठकीत मुलगे, नगरसेवक वा वडीलधारे पुरुष नसावेत. पुढील प्रश्न पुरेसे आहेत.

- घरापासून बागेपर्यंतच्या वाटेत कोणत्या वळणावर पाऊल अडखळते? (कागदावर नकाशा काढायला सांगा.)
- बागेत कोठे बसावेसे वाटते आणि कोठे मुळीच नाही?
- तिथे गेल्यावर काय करायला आवडेल: खेळणे, झोके घेणे, अभ्यास, की नुसते मैत्रिणींशी बोलत बसणे?
- घरून परवानगी कोणत्या वेळेपर्यंत मिळते, आणि कोणती गोष्ट झाली तर ती अधिक सहज मिळेल?

‘नुसते बसायचे आहे’ हे उत्तर अनेकदा येईल, आणि ऐकणाऱ्याला ते क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तसे वाटू देऊ नका. मुलाला चौकात विनाकारण उभे राहता येते, मुलीला मात्र घराबाहेर प्रत्येक मिनिटाचे कारण सांगावे लागते. मुंबईतील स्त्रियांच्या अनुभवाचा अभ्यास करून शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनी २०११ साली लिहिलेल्या ‘व्हाय लॉइटर?’ या ग्रंथात निर्हेतुक वावरण्याचा हा अधिकारच नागरिकत्वाची कसोटी म्हणून मांडला आहे.

तिसरी पायरी: जागा कोणाची, हे दप्तरात पाहा

जुन्या गावठाणात नवी बाग काढण्याजोगी भूमी सापडणे कठीण असते; ती सापडते गावठाणाबाहेरच्या नव्या वस्त्यांत. पुढील चार ठिकाणी शोध घ्या.

- विकास योजनेतील आरक्षण. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली तयार होणाऱ्या विकास योजनेत बाग व क्रीडांगण यांसाठी भूखंड राखून ठेवलेले असतात. नगरपरिषदेत नकाशा मागून पाहा. मात्र योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालकाला कलम १२७ खाली नोटीस देता येते आणि नंतरच्या मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते; म्हणून आरक्षणाची तारीख प्रथम विचारा.
- ले-आउटमधील ‘ओपन स्पेस’. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या अभिन्यासात १० टक्के क्षेत्र करमणुकीसाठी मोकळे ठेवावे लागते. मंजूर नकाशात ते दाखवलेले असते. प्रत्यक्षात तिथे काय उभे आहे ते जाऊन पाहा. घरापासून जवळ असल्याने मुलींसाठी हीच जागा बहुधा सर्वोत्तम.
- शाळांची मैदाने. शाळा सुटल्यानंतर दोन तास ती मुलींसाठी उघडी ठेवता येतील काय, हे संस्थाचालकांना विचारा. यासाठी बांधकामाचा खर्च नाही.
- तीर्थक्षेत्र विकास. साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीची ख्याती आहे, आणि जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी येथील विकासासाठी १०० कोटी रुपयांची घोषणा केल्यावर शिर्डीत झालेला बंदही वाचकांना स्मरत असेल. यात्रेकरूंसाठी रस्ते, दिवे, स्वच्छतागृहे यांचा आराखडा जेव्हा जेव्हा होईल, तेव्हा त्यातच गावच्या मुलींच्या बसण्याखेळण्याची तजवीज व्हावी, असा आग्रह धरा. मागाहून जोडलेली गोष्ट नेहमी तुटपुंजी राहते.

जागेचा सात-बारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक पाहिल्याशिवाय अर्ज करू नका. जागा वादातली निघाली तर सारे श्रम वाया जातात.

चौथी पायरी: काय मागावे

‘मुलींसाठी चांगली बाग करावी’ एवढीच मागणी केली तर रंगीत कमान आणि नामफलक मिळतो. मागणी तपशीलवार करा.

1. समोरासमोरची बैठक. रस्त्याकडे तोंड करून ओळीने मांडलेल्या बाकांवर बसलेली मुलगी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेखाली राहते. त्याऐवजी चौघीपाचजणींना एकमेकींकडे तोंड करून बसता येईल असा अर्धगोल कट्टा किंवा झाडाचा पार बांधावा. पाठीशी आधार असावा आणि समोर बाग दिसावी.
2. मोठ्यांचे झोपाळे. आपले झोपाळे लहान मुलांच्या वजनाचे व उंचीचे असतात. पंचमीला झाडाला बांधलेल्या झोक्यावर उंच जाणाऱ्या मुलींच्या या प्रदेशात, प्रौढांचे वजन पेलणारे, जोडीने बसण्याचे झोपाळे बागेत कायम असावेत.
3. विभागलेले मैदान. एकच मोठे मैदान असले की ते क्रिकेटकडे जाते. खो-खो, बॅडमिंटन व व्हॉलीबॉल यांची लहान क्रीडांगणे वेगळी आखावीत. २०२५ च्या पहिल्या खो-खो विश्वचषकात विजेत्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे ही मूळची आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील. असे गुण आपल्या आळीतही असतील, त्यांना जागा मिळाली पाहिजे.
4. दोन किंवा अधिक दारे. जिथून आत आलो तिथे कोणी अडवून उभे राहिले तर दुसऱ्या वाटेने बाहेर पडता यावे. खेळाच्या जाळीच्या कुंपणालाही एकच अरुंद फाटक नसावे.
5. दृष्टीला मोकळी वाट. कुंपणाची मेंदी कमरेच्या खाली छाटलेली असावी, उंच भिंतीऐवजी आरपार दिसणारे गज असावेत, आणि झाडांच्या फांद्या डोक्याच्या वर सुरू व्हाव्यात.
6. सावली. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सावली नसलेली बाग सायंकाळपर्यंत निरुपयोगी असते. कडुलिंब, करंज, चिंच, वड अशी कमी पाण्यावर तगणारी झाडे मागा. हिरवळीचा हट्ट धरू नका, ती पाण्याअभावी पहिल्याच उन्हाळ्यात करपते.
7. दिवे. एका उंच झगझगीत दिव्यापेक्षा पायवाटेवर थोड्याथोड्या अंतराने लावलेले मंद, सम प्रकाशाचे दिवे बरे. कारण प्रखर उजेडाच्या कडेला काळोख अधिक गडद होतो. बागेपर्यंतच्या रस्त्यावरचे दिवे हा याच मागणीचा भाग समजा.
8. स्वच्छतागृह व पाणी. आतून कडी, नळाला पाणी, पॅडसाठी झाकणाची पेटी, आणि दार उघडे ठेवण्याची जबाबदारी कोणाची ते नावानिशी. मुलींच्या मुक्कामाची लांबी पुष्कळदा यावरच ठरते.
9. उतार. चाकाच्या खुर्चीतील मुलीसाठी दाराशी उतार हवा. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ त्याची अपेक्षा करतो.

वेगळी बाग, वेगळी वेळ, की एकत्र?

या निर्णयाविषयी घरोघरी मतभेद होतात, म्हणून तिन्ही पर्याय समोर ठेवतो.

- फक्त स्त्रियांची बाग. काही घरांतून परवानगी लवकर मिळते, आणि बुरख्यातील मुलीला तिथे मोकळेपणी खेळता येते. परंतु ती बहुधा लहान व दूर असते, लवकर कुलूपबंद होते, आणि ‘तुमची बाग तिकडे आहे’ असे म्हणून उरलेल्या गावातून मुलींना हाकलण्याचे निमित्त होते.
- राखीव वेळ. असलेल्याच मैदानावर आठवड्यातील ठरावीक दिवशी, शाळा सुटल्यानंतरचे दोन तास मुलींसाठी राखणे. खर्च नाममात्र, मात्र वेळ मुलींच्या सोयीची हवी, भर दुपारची नव्हे, आणि फलकाबरोबर ती पाळून घेणारी व्यक्तीही हवी.
- सर्वांची बाग, पण मुलींचा विचार करून आखलेली. वर सांगितलेली रचना असेल तर हाच कायमचा उपाय.

आमचे मत असे, की राखीव वेळेने आरंभ करावा आणि तिसऱ्या पर्यायाकडे जावे. मुली दिसू लागल्या की मुली येऊ लागतात. ठाणे जिल्ह्यातील मुंब्रा येथे ‘परचम’ या गटातील मुलींनी आधी फुटबॉल खेळायला सुरुवात केली आणि मग स्वाक्षऱ्या जमवून मैदानाची मागणी लोकप्रतिनिधींपुढे ठेवली; वेगवेगळ्या धर्मांच्या मुली तिथे एका संघात खेळल्या. मुलींसाठी राखीव व्यवस्था करणे हा भेदभाव होय, असा आक्षेप कोणी घेतल्यास संविधानाच्या अनुच्छेद १५(३) कडे बोट दाखवा: स्त्रिया व बालके यांच्यासाठी विशेष तरतूद करण्यास राज्याला तेथे स्पष्ट मुभा आहे.

अर्ज कसा करावा

1. अर्ज नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करा. प्रती नगराध्यक्ष, प्रभागाचे नगरसेवक आणि महिला व बालकल्याण समितीच्या सभापतींना द्या. प्रशासक नेमलेला असेल तर अर्ज त्यांच्याकडे द्यावा.
2. पहिल्या परिच्छेदात मोजणीचे आकडे, दुसऱ्यात मुलींचे म्हणणे, तिसऱ्यात जागेचा तपशील, चौथ्यात वरील मागण्या. दोन पानांहून मोठा अर्ज वाचला जात नाही.
3. दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.
4. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यातच होते. म्हणून अर्ज दिवाळीच्या आगेमागे द्या. मार्चमध्ये दिलेला अर्ज एक वर्ष मागे पडतो.
5. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून विचारा: अर्जावर काय कार्यवाही झाली, बागेवर गतवर्षी किती खर्च झाला, महिला व बालकल्याणाच्या तरतुदीतून काय केले. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. न आल्यास पहिले अपील करा.
6. विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यास जाहीर सूचनेतील मुदतीत लेखी हरकत व सूचना दाखल करा, आणि सुनावणीला स्वतः हजर राहा.

बागा व क्रीडांगणे यांची व्यवस्था हा विषय ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवण्याजोगा म्हणून नमूद आहे. आपण कोणाची कृपा मागत नाही. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आपल्या प्रभागातील नगरसेविकेला प्रथम भेटा.

कोठे चूक होते

- केवळ कॅमेरे बसवून समाधान मानणे. कॅमेरा घडलेले टिपतो; मुलीला बसावेसे वाटेल असे काही निर्माण करीत नाही.
- खुली व्यायामशाळा ऐन रस्त्याच्या कडेला मांडणे. तिथे मुली फिरकत नाहीत. ती थोडी आतल्या बाजूला, झाडीच्या आडोशाला पण एकाकी नव्हे अशी असावी.
- ‘मोकळी दृष्टी’ म्हणून झाडे तोडणे. १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली परवानगीवाचून तसे करता येत नाही. छाटणीही रीतसर करवून घ्या.
- रखवालदाराला मुलींची चौकशी करायला लावणे. त्याचे काम दार, दिवे, पाणी आणि त्रास देणाऱ्यांचा बंदोबस्त एवढेच. कोण कोणाशी बोलते हे पाहणे त्याचे काम नव्हे.
- उद्घाटनानंतर विसरणे. देखभालीची रक्कम अंदाजपत्रकात वेगळी दाखवली आहे काय, ते दरवर्षी पाहा.

त्रास झाला तर मुलींचे हक्क

- १८ वर्षांखालील मुलीचा वारंवार पाठलाग, अश्लील शेरेबाजी वा हावभाव हा ‘पॉक्सो’ अधिनियम, २०१२ खाली गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही लैंगिक छळ (कलम ७५), पाठलाग (कलम ७८) आणि विनयभंगाच्या हेतूने शब्द वा हावभाव (कलम ७९) यांना शिक्षा आहे.
- मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यावा, असा ‘पॉक्सो’चा दंडक आहे, तिला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही, आणि तिची ओळख वृत्तपत्रांत उघड करता येत नाही.
- ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असे सांगून कोणत्याही ठाण्याला दखलपात्र गुन्ह्याची माहिती नाकारता येत नाही.
- दूरध्वनी: पोलीस ११२, बालकांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१. हे तिन्ही क्रमांक बागेच्या दाराशी आणि बसस्थानकावर ठळक लिहवून घ्या.

आणि पालकांना एक विनंती. मुलीने त्रासाची गोष्ट सांगितली तर तिचे बाहेर जाणे बंद करू नका. शिक्षा त्रास देणाऱ्याला व्हावी. घर बंद झाले की पुढच्या वेळी ती सांगणार नाही, एवढाच त्याचा परिणाम होतो. बागेत निघालेल्या मुलीला ‘कशाला’ असे विचारण्याऐवजी ‘किती वाजता येशील’ एवढेच विचारा.

आरंभ कोठून करावा

भारताने १९९२ साली मान्य केलेल्या बालहक्क संहितेच्या अनुच्छेद ३१ ने विश्रांती, खेळ व करमणूक हा प्रत्येक बालकाचा हक्क ठरवला आहे. पण ज्यांच्यासाठी हा हक्क आहे त्यांना मत नाही, म्हणून त्यांचा अर्ज मत असणाऱ्यांनी घेऊन जायचा आहे. येत्या शनिवारी सायंकाळी साडेपाच वाजता आपल्या घराजवळच्या बागेत किंवा मैदानावर वही घेऊन बसा, बारा ते अठरा वर्षांच्या किती मुली तिथे थांबल्या ते मोजा, आणि जो आकडा येईल, शून्य आला तरी, तोच आपल्या अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहा.